दीर्घ श्रमानंतर वजन का वाढते ?

व्यायामाने वजन उतरते, हा समज आता खेडोपाडी रुजला आहे, आणि स्थूलमानाने तो खराही आहे. परंतु सलग काही दिवस लांब पल्ला चालून आलेला यात्रेकरू, पोलीस भरतीसाठी नव्याने धावण्याचा सराव सुरू केलेला तरुण किंवा डोंगरवाटांची सहल पुरी करून परतलेला विद्यार्थी दुसऱ्या दिवशी वजनकाट्यावर उभा राहिला, तर पुष्कळदा काटा खाली जाण्याऐवजी एक-दोन किलोने वर गेलेला दिसतो. घोटे सुजलेले असतात, बोटातील अंगठी निघत नाही, सकाळी डोळ्यांखाली फुगवटा जाणवतो. अशा वेळी कोणी निराश होऊन व्यायाम सोडतो, कोणी जेवण तोडतो, कोणी औषधाच्या दुकानातून ‘पाण्याची गोळी’ आणून घेतो. यांतील कोणताही मार्ग हिताचा नाही. हे वजन कशाचे आहे, ते किती दिवस राहते आणि कोणत्या परिस्थितीत त्याकडे दुर्लक्ष करता कामा नये, याची माहिती शाळा, पंचायत आणि शासकीय यंत्रणा यांतील जबाबदार व्यक्तींना असणे म्हणूनच अगत्याचे आहे.

काट्याचा हिशेब

सर्वप्रथम एक साधा हिशेब पाहू. शरीरातील एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरींचा साठा होय. दोन किलो चरबी वाढावयाची तर शरीराच्या गरजेपेक्षा सुमारे १५,४०० कॅलरी अधिक पोटात जावयास हव्यात. एखाद्या प्रौढ माणसाचा रोजचा आहार २,२०० कॅलरींचा धरला, तर नेहमीच्या जेवणाखेरीज आणखी सात दिवसांचे जेवण त्याने खाल्ले पाहिजे. दोन-तीन दिवसांत, तेही दिवसभर चालत असताना, हे घडणे अशक्य आहे. म्हणजे अल्पावधीत वाढलेले हे वजन चरबीचे असू शकत नाही. ते पाण्याचे असते.

प्रौढ पुरुषाच्या शरीराचे सुमारे ६० टक्के आणि स्त्रीच्या शरीराचे त्याहून थोडे कमी वजन पाण्याचे असते. या पाण्याचा सुमारे दोन-तृतीयांश भाग पेशींच्या आत व एक-तृतीयांश भाग पेशींच्या बाहेर, म्हणजे रक्तद्रवात आणि ऊतींच्या फटींत असतो. पेशींबाहेरच्या या पाण्याचे प्रमाण मुख्यतः शरीरातील सोडियमवर, म्हणजे व्यवहारात मिठावर, अवलंबून असते. असे एक लिटर पाणी धरून ठेवण्यास आठ ते नऊ ग्रॅम मीठ पुरते. जेथे मीठ राहते तेथे पाणी राहते, हा या सगळ्या विषयाचा गाभा आहे.

मूत्रपिंडांची काटकसर

माणूस तासन्‌तास चालतो किंवा धावतो तेव्हा घामावाटे पाणी आणि मीठ दोन्ही बाहेर पडतात. रक्ताचा ओघ स्नायूंकडे व कातडीकडे वळतो आणि मूत्रपिंडांकडे जाणारे रक्त कमी होते. शरीराच्या दृष्टीने ही टंचाईची सूचना असते. मूत्रपिंडांतून रेनिन नावाचे द्रव्य अधिक स्रवू लागते. त्याच्या साखळीतून मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथी अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक सोडतात. हे संप्रेरक मूत्रपिंडांना मीठ राखून ठेवण्याचा आदेश देते. त्याच सुमारास मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून लघवी कमी करणारे दुसरे संप्रेरक रक्तात येते. परिणामी लघवी थोडी व गडद होते आणि पाणी व मीठ शरीरातच राहते.

एका दिवसाच्या श्रमानंतर ही व्यवस्था लवकर पूर्ववत होते. परंतु दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या दिवशीही तेवढेच श्रम झाले, तर मीठ राखण्याचा आदेश उठण्यापूर्वीच नवा आदेश निघतो. दुष्काळाचा अनुभव घेतलेले कुटुंब पाऊस पडल्यावरही काही दिवस हंडे भरून ठेवते, तसाच हा प्रकार होय. श्रम थांबले आणि माणूस मनसोक्त जेवूखाऊ लागला, तरी पहिला एखाद-दुसरा दिवस मूत्रपिंडे काटकसर चालूच ठेवतात. वजन सर्वाधिक भरते ते नेमके याच दिवसांत.

डोंगरवाटांवरील प्रयोग

ही गोष्ट प्रयोगांनी तपासली गेली ती गिर्यारोहकांच्या निमित्ताने. अतिउंचीवर जाणाऱ्यांच्या चेहऱ्यावर व पायांवर सूज येते. ती विरळ हवेमुळे येते की केवळ रोजच्या चालण्यामुळे, असा प्रश्न होता. ब्रिटनमधील काही संशोधकांनी त्यासाठी कमी उंचीच्या डोंगरांत स्वयंसेवकांना दिवसच्या दिवस चालवून पाहिले. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेचे डॉक्टर मायकेल वॉर्ड आणि भारतात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काही वर्षे काम केलेले डॉ. जेम्स मिलेज यांचा त्यांत सहभाग होता. सलग सात दिवसांच्या चालीचा पहिला अभ्यास १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात पाच पुरुषांना ठरावीक आहार देऊन पाच दिवस डोंगरांत चालविण्यात आले. पाणी हवे तेवढे पिण्याची त्यांना मोकळीक होती.

या पाच दिवसांत त्यांच्या शरीरात सरासरीने सुमारे २० ग्रॅम मिठाइतके सोडियम साठल्याचे दिसून आले. पेशींबाहेरचे पाणी दोन लिटरांहून अधिक वाढले. यातील बराचसा भाग पेशींच्या आतून बाहेर सरकलेला होता आणि उरलेला शरीरात राखला गेलेला होता. रेनिन व अल्डोस्टेरॉन यांचे प्रमाणही वाढलेले आढळले. उंची नसतानाही केवळ दीर्घ श्रमाने सूज येऊ शकते, हे यावरून स्पष्ट झाले. तसेच वजनातील वाढ मोठी नसली तरी सूज मात्र डोळ्यांत भरण्याइतकी असू शकते, हेही त्यातून कळले. कारण पाणी नुसते वाढलेले नसते, तर त्याने आपली जागाही बदललेली असते.

स्नायूंतील साठा आणि स्नायूंची सूज

वजनवाढीची आणखी दोन कारणे स्नायूंत आहेत. पहिले कारण ग्लायकोजेनचे. भात, भाकरी, पोळी यांतील पिष्टमय पदार्थांपासून तयार झालेली साखर शरीर ग्लायकोजेनच्या रूपाने स्नायूंत व यकृतात साठविते. प्रौढ माणसात हा साठा सुमारे ५०० ग्रॅमपर्यंत असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. दीर्घ श्रमात हा साठा संपत येतो. पुढे पोटभर जेवण मिळाले की तो पुन्हा भरतो, कित्येकदा पूर्वीपेक्षाही अधिक. १९६६ मध्ये बेर्गस्ट्रॉम आणि हुल्टमन या स्वीडनमधील दोन संशोधकांनी स्वतःवरच प्रयोग केला. एकाच स्थिर सायकलीवर दोघांनी प्रत्येकी एकच पाय थकेपर्यंत चालविला आणि नंतर काही दिवस पिष्टमय आहार घेतला. श्रम केलेल्या पायात ग्लायकोजेनचा साठा विश्रांत पायाच्या सुमारे दुप्पट झाला. साठा रिकामा होऊन भरताना पाण्यासह दीड-दोन किलोचा फरक सहज पडतो, हे यावरून ध्यानात येईल.

दुसरे कारण स्नायूंच्या सूक्ष्म इजेचे. सवय नसताना उतार उतरणे, उड्या मारणे, जड ओझे हळूहळू खाली ठेवणे अशा हालचालींत स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो. त्यामुळे त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. तिची दुरुस्ती करण्यासाठी तेथे रक्तातील पेशी व द्रव जमतो, स्नायू ठणकतो आणि किंचित सुजतो. ही ठणक साधारणतः २४ ते ७२ तासांत शिगेला पोहोचते व आठवडाभरात ओसरते. कळसूबाईचे १,६४६ मीटर उंचीचे शिखर चढताना दम लागतो, परंतु दुसऱ्या दिवशी जिने उतरताना मांड्या दुखतात त्या मुख्यतः उतरणीमुळे, हा अनुभव अनेकांना असेल.

रक्ततपासणीतील फसवी घट

राखलेल्या पाण्याचा काही भाग रक्तात जातो आणि रक्तद्रवाचे आकारमान वाढते. तांबड्या पेशी तेवढ्याच राहून द्रव वाढला की रक्त पातळ होते. अशा वेळी हिमोग्लोबिन तपासले तर ते प्रत्यक्षापेक्षा कमी भरते. वास्तविक हा रक्तक्षय नव्हे. वाढलेल्या रक्तद्रवामुळे हृदयाचे काम सुकर होते आणि घाम येऊन शरीर थंड राहण्यास मदत होते. नियमित व्यायाम करणाऱ्याला मिळणाऱ्या लाभांपैकी हा एक लाभच आहे.

तथापि येथे सावधगिरी हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. म्हणून शिबिरानंतर किंवा स्पर्धेनंतर एखाद्या मुलीचे हिमोग्लोबिन कमी भरले, तर ‘पाण्यामुळे असेल’ असे म्हणून ते सोडून देऊ नये. आठ-पंधरा दिवसांच्या अंतराने पुन्हा तपासणी करावी. तेव्हाही प्रमाण कमी असेल तर रीतसर उपचार करावेत.

वारीच्या वाटेवर

दीर्घ श्रमाचे सर्वांत मोठे उदाहरण महाराष्ट्रासमोर दरवर्षी ज्येष्ठ-आषाढात असते. आळंदीहून पंढरपूरपर्यंतची सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट लक्षावधी वारकरी अठरा-वीस दिवसांत चालून जातात. पुण्याहून सासवडकडे जाताना दिवेघाट चढावा लागतो. बहुसंख्य वारकरी शेतकरी कुटुंबांतील असतात आणि त्यांना कष्टाची सवय असते. परंतु शेतातील काम आणि डांबरी रस्त्यावरील रोजची मजल यांत फरक आहे. उभ्याने व चालत गेलेले अनेक तास, दमट उकाडा, पिठले-भाकरीबरोबरचे लोणचे, पापड व ठेचा यांतून जाणारे मीठ आणि रात्रीची अपुरी झोप या सर्वांची भर पडून घोटे व पावले सुजणे स्वाभाविक आहे. वाटेवर ठिकठिकाणी वारकऱ्यांचे पाय चेपून देण्याची सेवा चालते. तिच्यामागे भक्तिभाव आहेच, शिवाय पाय वर घेऊन बसण्याची व पोटऱ्यांवरील हलक्या दाबाची सूज उतरण्यास मदतही होते.

दोन्ही पायांवर सारखी आलेली, रात्री पाय उंचावर ठेवून झोपल्यावर कमी होणारी आणि चाल थांबल्यावर तीन-चार दिवसांत, फार तर आठवड्यात, ओसरणारी सूज सामान्यतः निर्धोक असते. या दिवसांत लघवीचे प्रमाण वाढते आणि काटा आपोआप खाली येतो. शरीर आपला हिशेब स्वतःच चुकता करते.

पाणी पिण्याची मर्यादा

शरीरात पाणी साठते म्हणून पाणी पिणे बंद करावे काय, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. त्याचे उत्तर नकारार्थी आहे. उन्हात श्रम करणाऱ्याने पाणी टाळले तर उष्माघाताचा धोका वाढतो आणि मूत्रपिंडांची काटकसर अधिकच कडक होते. परंतु याच्या दुसऱ्या टोकाला जाणेही तितकेच घातक आहे. तहान नसताना, केवळ सांगितले म्हणून, तासन्‌तास साधे पाणी पीत राहिले आणि लघवी रोखणारे संप्रेरक त्याच वेळी जोरात असले, तर रक्तातील सोडियम विरळ होते. मग डोके दुखते, मळमळते, माणूस असंबद्ध बोलू लागतो, आणि वेळीच उपचार न झाल्यास झटके येऊन प्राणावरही बेतते.

२००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या रक्ताची तपासणी करण्यात आली व तिचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी होते आणि तिघांच्या बाबतीत ते धोक्याच्या पातळीपर्यंत उतरले होते. धावताना ज्यांचे वजन वाढले होते त्यांच्यात हा प्रकार विशेष आढळला. यावरून एक महत्त्वाचा भेद लक्षात घ्यावयाचा आहे. श्रमानंतरच्या एक-दोन दिवसांत वाढलेले वजन बहुधा निरुपद्रवी असते. परंतु प्रत्यक्ष श्रम चालू असतानाच वजन वाढले, तर ते गरजेपेक्षा अधिक पाणी प्यायल्याचे चिन्ह असते. उलट, श्रमाच्या आधीच्या वजनापेक्षा दोन टक्क्यांहून अधिक घट झाली, म्हणजे साठ किलोच्या माणसाचे वजन सव्वा किलोने उतरले, तर पाणी कमी पडले असे समजावे. तहानेनुसार पाणी पिणे, अधूनमधून मीठ घातलेले ताक किंवा लिंबू सरबत घेणे आणि जेवण न चुकविणे हा मध्यममार्ग बहुतेकांना पुरतो.

‘पाण्याच्या गोळी’चा मोह

सूज उतरविण्यासाठी लघवी वाढविणाऱ्या गोळ्या घेण्याची प्रवृत्ती अनिष्ट आहे. या गोळ्या हृदयविकार, रक्तदाब यांसारख्या आजारांत डॉक्टरांच्या देखरेखीखाली उपयुक्त ठरतात. परंतु श्रमाने थकलेल्या निरोगी शरीरातून त्या पाणी, सोडियम व पोटॅशियम ओढून बाहेर काढतात. त्यामुळे चक्कर येते, पायांत गोळे येतात, हृदयाची लय बिघडू शकते. गोळीचा अंमल संपताच मूत्रपिंडे पुन्हा मीठ धरू लागतात आणि सूज परतते. क्रीडास्पर्धांत तर ही औषधे प्रतिबंधित आहेत. अंगदुखीवर सर्रास घेतल्या जाणाऱ्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्यांबाबतही तारतम्य हवे. त्या मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा घटवितात आणि पाणी साठण्यास हातभारच लावतात.

वजनाचा एका दिवसाचा आकडा किती चंचल असतो, याची जाणीव साऱ्या देशाला ७ ऑगस्ट २०२४ रोजी झाली. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० किलो गटाच्या अंतिम कुस्तीच्या सकाळी विनेश फोगाट यांचे वजन १०० ग्रॅम अधिक भरले आणि त्या अपात्र ठरल्या. आदल्या दिवशी सकाळी त्यांचे वजन मर्यादेत होते आणि त्यांनी तीन लढती जिंकल्या होत्या. एका दिवसात होणारा असा फरक पाण्याचा व अन्नाचा असतो. त्यावरून शरीरातील चरबीबद्दल काहीही ठरविता येत नाही.

धोक्याची लक्षणे

सर्वच सूज निर्धोक नसते, हे विसरून चालणार नाही. पुढीलपैकी कोणतेही लक्षण दिसल्यास रुग्णाला विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे अथवा १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी.

एकाच पायाला सूज येऊन पोटरी दुखणे व गरम लागणे. ही रक्तवाहिनीत गुठळी झाल्याची खूण असू शकते. सुजेबरोबर धाप लागणे, छातीत दुखणे किंवा आडवे झाल्यावर श्वास कोंडणे. लघवी कोऱ्या चहासारखी गडद तांबूस होणे, अतिशय कमी होणे किंवा बंद होणे. स्नायूंची मोठी मोडतोड होऊन मूत्रपिंडांना इजा होत असल्याचे ते लक्षण असते. तीव्र डोकेदुखी, उलट्या, भ्रम किंवा झटके; अशा रुग्णास साधे पाणी पाजण्याचा आग्रह धरू नये. याखेरीज आठवडा उलटूनही सूज न उतरणे. गरोदर स्त्रिया आणि मधुमेह, रक्तदाब, हृदय वा मूत्रपिंड यांचे विकार असलेल्या व्यक्ती यांच्या बाबतीत तर थोड्या सुजेचीही लगेच तपासणी व्हावयास हवी.

शाळा व पंचायतींनी काय करावे

या माहितीचा उपयोग प्रत्यक्ष कामात सहज करता येईल. शाळेतील क्रीडाशिक्षकांनी सराव एकदम न वाढविता आठवड्याआठवड्याने वाढवावा. भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वजन स्थिर राहील किंवा किंचित वाढेल, याची कल्पना आधीच द्यावी. रोज तासभर चालण्याने सुमारे २०० कॅलरी अधिक खर्च झाल्या, तरी आठवड्यात जेमतेम १८० ग्रॅम चरबी घटते. त्याच आठवड्यात एक किलो पाणी साठले तर खरा लाभ काट्यावर दिसणार कसा ? हे न समजल्यामुळे अनेकजण नेमक्या फायद्याच्या वेळी व्यायाम सोडतात. म्हणून वजन रोज न करता आठवड्यातून एकदा, सकाळी उठल्यावर, शौच-लघवीनंतर, काही खाण्यापूर्वी, एकाच काट्यावर करावे आणि महिन्याभराचा कल पाहावा. वजनापेक्षा कमरेचा घेर, धावण्याची वेळ आणि झोप या खुणा अधिक विश्वसनीय ठरतात.

ज्या गावांतून दिंड्या व पदयात्रा जातात तेथील पंचायतींनी पिण्याच्या शुद्ध पाण्याबरोबरच सावलीची जागा, पाय उंचावर ठेवून पडता येईल अशी सोय आणि जलसंजीवनीची पाकिटे ठेवावीत. पाकीट त्यावर लिहिलेल्या प्रमाणातच पाण्यात विरघळवावे. आशा कार्यकर्त्या व आरोग्यसेवक यांनी धोक्याच्या लक्षणांचा फलक मराठीत मोठ्या अक्षरांत लावावा. अंगठ्या व घट्ट जोडवी चालीपूर्वी काढून ठेवणे, सैल चप्पल किंवा बूट वापरणे, मुक्कामी पोचल्यावर पंधरा-वीस मिनिटे पाय उंच ठेवून पडणे या सूचना अल्पखर्चाच्या असल्या तरी उपयुक्त आहेत. चाल संपल्यावर दोन-तीन दिवस लोणची, पापड व फरसाण बेताने घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचविले आहे. घाम थांबल्यानंतर ही मर्यादा पुन्हा लागू होते, हे बहुतेकजण विसरतात. त्याचबरोबर थोडे चालणे चालू ठेवावे. कारण पोटऱ्यांचे स्नायू आकसले म्हणजे पायांतील द्रव वर सरकण्यास मदत होते.

दीर्घ श्रमानंतर काट्यावर दिसणारी वाढ ही बहुतेक वेळा शरीराच्या सावधपणाची निशाणी असते. तिला घाबरून उपास करणे किंवा गोळी घेणे जसे अयोग्य, तसेच खऱ्या आजाराची सूज थकव्याच्या नावाखाली झाकणेही अयोग्य होय. या दोहोंतील भेद गावातील एका शिक्षकाला, एका सदस्याला किंवा एका आरोग्यसेविकेला जरी नीट ठाऊक असला, तरी एखाद्याचा चांगला सुरू झालेला व्यायाम मोडणार नाही आणि एखाद्या रुग्णाचे प्राणही वेळेवर वाचतील.